पंधराचा खण

मंगळवार, ६ ऑगस्ट

एक गंभीर तक्रार येथे नोंदवून ठेवतो, कारण इतरत्र ती कोणी नोंदवून घेत नाही: माझा चहाचा पेला नाहीसा झाला आहे. पांढरा, एनॅमलचा, काठाला निळी रेघ, बुडाशी टवका उडालेला. अकरा वर्षे त्याने माझी निष्काम सेवा केली. शनिवारी आमच्या ध्वनिसंग्रहाचे प्रमुख सिताली साहेब यांनी फडताळ आवरण्याचा हुकूम काढला. नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या वरच्या फळीवरील वस्तू टाकून द्याव्यात, असा तो हुकूम. माझा पेला त्याच फळीच्या उजव्या टोकाला होता, आणि मी नोकरी सोडलेली नाही; निदान मला तसे कोणी कळवलेले नाही. काल शेतकरी दिनाची सुट्टी. आज येऊन पाहतो तो फळी आरशासारखी लख्ख.

झाडलोटीच्या बाईंना विचारले. म्हणाल्या, "बाशीरेवती, फळी अर्धी कशी रिकामी करणार? फळी म्हणजे फळी."

मी त्यांना हद्द या विषयावर पाच मिनिटे प्रवचन दिले. टाकणाऱ्याने आपल्या रेघेच्या आतच हात आवरावा. कडेचे जे शेजाऱ्याचे असेल अशी शंका आहे ते राहू द्यावे. थोडा कचरा मागे राहिला तर काही बिघडत नाही, परक्याचा पेला मात्र जाता कामा नये. बाईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि मला प्लास्टिकचा कप दिला.

(बाशीरेवती म्हणजे रेवतीचा बाप. येथे लेकरू झाले की माणसाचे स्वतःचे नाव संपते. रेवती केप टाउनला शिकते आहे. तिचे नाव लुसाकात मी वापरतो.)

गुरुवार, ८ ऑगस्ट

आज पेल्याचे दुःख विसरायला लावणारे काम झाले.

आमच्या ध्वनिसंग्रहात साठ वर्षांचे आवाज आहेत, सात भाषांतले. गाणी, भांडणे, पावसाची प्रार्थना, निवडून आलेल्यांची आश्वासने. टेपांना आता शिरक्याचा आंबट वास येतो, म्हणजे त्या कुजू लागल्या आहेत, आणि ज्या खोलीत त्या आहेत ती महिनाअखेर दुसऱ्या खात्याला द्यायची आहे. म्हणून प्रत्येक टेपेची संगणकावर प्रत करायची, मी कागदावर 'तपासले' अशी सही करायची, आणि टेपा कचरा डेपोवर रवाना. संगणक माझ्याकडे. एकाच लोखंडी यंत्राच्या पोटात सहा मायायंत्रे, म्हणजे आभासी संगणक, चालतात. प्रत्येकाला वाटते आपणच खरे. खाली डिस्कांची एक पेटी आहे. युरोपातल्या एका विद्यापीठाला ती जुनी झाली म्हणून आम्हाला ती भेट मिळाली.

मायायंत्राने काही पुसले की पेटीला तसे कळवावे लागते: एवढी जागा आता नको, सोडून दे. मी याला सोडचिठ्ठी म्हणतो. पेटीतली जागा सारख्या आकाराच्या खणांत विभागलेली आहे, आणि ती सुटते ती पूर्ण खणानेच. खणाच्या रेघेशी न जुळणाऱ्या सोडचिठ्ठ्या ती परत पाठवते. गेले सहा महिने तिच्या तक्रारींनी नोंदवही भरत होती. म्हणून मी ठरवले, मधल्या प्रणालीत दुरुस्ती करून सोडचिठ्ठी थेट खणाच्या क्रमांकानेच पाठवायची. अमुक क्रमांकाचा खण रिकामा कर, बस्स.

त्यासाठी पेटीला विचारले, बाई तुझा खण केवढा? म्हणाली, पंधरा एमबी.

पंधरा! या व्यवसायात खण आठचा असतो, सोळाचा असतो, बत्तिसाचा असतो. पंधरा ही संख्या तिथींना शोभते. कोणा कारकुनाच्या हातून माहितीत एक अंक चुकला असणार. मी सोळा धरून हिशेब बसवला.

चिलेशे माझ्या शेजारी होती. ती इथली दुसरी अभियंता, चाळिशीची, कॉपरबेल्टच्या खाणपट्ट्यातली, बेम्बा जमातीची, आणि शंका काढण्यात काशीच्या पंडितांना पुरून उरेल अशी. म्हणाली, "पेटी पंधरा म्हणतेय ना?"

"म्हणतेय पंधरा. पण तिला म्हणायचंय सोळा."

"तुम्हाला कसं कळलं तिच्या मनातलं?"

"तीस वर्षं हेच करतोय, चिलेशे."

दुरुस्ती बसवली. दुपारपासून पेटीची एकही तक्रार नाही. इतकी शांतता मी या नोकरीत अनुभवली नव्हती.

सोमवार, १२ ऑगस्ट

जेवायला नशिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि कापेन्ता ही बारीक मासळी, आणि तोंडी लावायला मवीम्बा-सिताली.

मवीम्बा हे टेपांचे जुने रखवालदार, जमातीने तोंगा. प्रती ऐकून त्यांना नावे-गावे लावण्याचे काम आता त्यांच्याकडे आहे. सिताली साहेब लोझी. तोंगा आणि लोझी म्हणजे एकमेकांची थट्टेची भावंडे. एकाने दुसऱ्याला काहीही बोलावे आणि दुसऱ्याने रागवायचे नाही, हा रिवाज. एरवी साहेबांपुढे खाली मान घालणारा माणूस या नात्याने त्यांच्या ताटातली मासळी उचलतो.

मवीम्बा म्हणाले, "भावा, हे तुझं यंत्र पक्कं लोझी निघालं. माझे तोंगा गिळतंय. तुमच्या एकाही माणसाला हात लावत नाही."

"शहाणं आहे मग. तुमची गुरांशी चाललेली बडबड कोण जपून ठेवणार?"

"गुरांचं नाव काढू नकोस. तुझ्या आज्यानं आमची हाकून नेली ती अजून परत यायची आहेत."

"ती कशी येणार? खाल्ली आम्ही. आता माशांवर आलोय बघ."

मला हसता हसता ठसका लागला. चिलेशेने पाणी दिले. मवीम्बाही हसले, पण थोडे उशिरा. वय झाले.

बुधवार, १४ ऑगस्ट

पहिली गाडी गेली. बेम्बा, काओन्दे, लोझी, लुंडा, लुव्हाले, न्यान्जा. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने सगळे मांडलेले आहे, रॅकवरही आणि पेटीतही, त्यामुळे तोंगा शेवटी. पेटीत त्यांच्यानंतर लगेच आमचा 'ओटा', म्हणजे कच्चे आवाज साफ करण्याची जागा. तो आम्ही रोज काम संपल्यावर पुसतो.

गाडीत थोडी जागा उरली. ड्रायव्हर म्हणाला, अर्धी गाडी कशी न्यायची? मग तोंगांच्या चारपैकी पहिला रॅकही चढवला. एकशे बारा टेपा. चिलेशेने फाइली मोजल्या होत्या. संख्या बरोबर, प्रत्येकीची लांबी बरोबर. मी सही केली.

ती म्हणाली, "एकदा प्रत्येक फाइल आतून पडताळून घेऊ या का? चार दिवस लागतील."

दिवसातून सहा तास वीज. चाराचे सोळा होतील आणि खोलीची तारीख टळेल. नको म्हटले. तिने "ठीक" म्हटले. ज्या आवाजात घरी ही मला पथ्याचे जेवण वाढताना "खा" म्हणते, त्याच आवाजात.

मंगळवार, २० ऑगस्ट

  सर्व यंत्रे नीट चालू आहेत.

मवीम्बा आज साहेबांच्या खोलीत पुन्हा आपल्या मावशीवर घसरले. झांबेझीवर धरण झाले तेव्हा खोऱ्यातल्या तोंगांना उठवून वर माळावर नेले. ही मावशी तेव्हाची. पाण्याखाली गेलेली नदीकाठची सगळी गावे, जशी ओळीने होती तशी, वरून खाली ती म्हणून दाखवते. एकेक नाव घ्यायचे, दम घ्यायचा, पुढचे नाव. अशी टेप.

मवीम्बा सितालींना म्हणाले, "माझी मावशी बोलता बोलता गप्प झाली. तिला जन्मात कोणी गप्प करू शकलं नव्हतं, नवऱ्यालाही जमलं नाही. तुझ्या यंत्रानं करून दाखवलं."

"पाठव मग हे यंत्र माझ्या सासूकडे," साहेब म्हणाले.

मी हसत हसत मवीम्बांच्या टेबलाशी जाऊन ती फाइल ऐकली. खरेच, गावांच्या नावांमध्ये पाऊणएक मिनिटाची शांतता आहे. मी त्यांना समजावले की वृद्ध माणसे स्मरण करताना थांबतात. मौन हाही बोलण्याचाच भाग असतो. शिवाय ही शांतता किती निर्मळ आहे पाहा, म्हटले. जुन्या टेपेवर खरखर असते, मागे कोंबडा असतो. इथे काही म्हणजे काही नाही. चिलेशेने आवाज साफ करण्यात कमाल केली आहे.

मवीम्बांनी मान डोलावली. "हो, बाशीरेवती," म्हणाले.

घरी ही गोष्ट सांगितली. ही म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलंत का, मावशी अशी थांबायची का म्हणून?" मी म्हटले, हा प्रश्न तांत्रिक आहे.

बुधवार, २१ ऑगस्ट

चिलेशेला तिच्या साफसफाईबद्दल शाबासकी दिली. ती म्हणाली, "मावशीची टेप? ती मी साफ केलेलीच नाही. ती जशीच्या तशी चढवलीय."

असेल. टेपेत मुळातच शांतता असेल. मूळ टेप लावून पाहावी म्हटले, तर ती पहिल्या रॅकमधली. गेली.



शुक्रवार, २३ ऑगस्ट

सकाळी साडेदहाला मी सितालींच्या खोलीत सोमवारच्या गाडीचा कागद घेऊन उभा होतो. उरलेले तीन तोंगा रॅक जायचे होते. दारात मवीम्बा आले. टोपी हातात. उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाले, "सिताली साहेब, आपल्याला वेळ असेल तर एक विनंती होती."

सिताली वाट पाहत राहिले. ओठांवर हसू तयार होते, पुढचे वाक्य आले की फुटायचे. ते वाक्य आलेच नाही. साहेब हळूहळू खुर्चीतून उठले. एवढ्या वर्षांत मवीम्बांनी त्यांना साहेब म्हटलेले मी ऐकले नव्हते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले की त्यांनीही नाही.

"मवीम्बा," ते म्हणाले, "कोण गेलं?"

"तेच विचारायला आलोय, साहेब. कोण कोण गेलं ते मला कळत नाहीये."

त्यांनी शाळेची एक वही पुढे केली. एकतीस टेपांची नावे, प्रत्येकीपुढे वेळ: इथे माणूस बोलत होता, इथे थांबला, इथे पुन्हा सुरू झाला, मधल्या शब्दांशिवाय. एकतीसही तोंगा. पहिली नोंद नऊ ऑगस्टची.

"मग बोलला का नाहीस, माणसा?" सिताली म्हणाले. आवाज चढला होता.

"बोललो, साहेब. दोनदा. जेवताना बोललो, मग इथे बोललो. आपण हसलात." मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, "बाशीरेवतींनी मला मौनाचं समजावून सांगितलं."

सितालींनी माझ्या हातातला कागद पाहिला. "सही तुमची आहे. सोमवारी पाठवू?"

मी म्हणालो, मला दोन दिवस द्या. पेटी जुनी आहे, विजेचे झटके बसतात, युरोपातून येताना काय काय झाले असेल कोणास ठाऊक. बरेच बोललो. 

शनिवार, २४ ऑगस्ट

चिलेशे सेकंद मोजायचे घड्याळ घेऊन बसली आणि मवीम्बांच्या वहीतले प्रत्येक भोक मोजले. मी विजेच्या नोंदी काढून ठेवल्या होत्या. तिने त्या पाहिल्याही नाहीत.

"चोपन्न सेकंद," ती म्हणाली. "हेही चोपन्न. हे एकशे आठ, म्हणजे दोन चोपन्न. हे कमी आहे, कारण फाइल तिथे संपते."

"मग?"

"आपला आवाज चोपन्न सेकंदांत किती जागा खातो?"

मी मनातल्या मनात गुणाकार केला. मग कागदावर केला. दोन्ही वेळा पंधरा एमबी आले.

"सोळाचा खण असता," ती म्हणाली, "तर अठ्ठावन्न आलं असतं."

तिला एवढेच म्हणायचे होते. तेव्हा बोललेले आता उगाळणारी ती नाही. तशी असती तर बरे झाले असते.

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला ते वेगळे आठवणार नाही. समजा एका ओळीत घरे आहेत, प्रत्येक पंधरा पावलांचे. मी प्रत्येक घर सोळा पावलांचे धरून मोजत गेलो. पहिल्या दोन घरांशी काही कळत नाही. पण दूरवर, ओट्याशी पोचून मी म्हणतो, हे शंभरावे, हे रिकामे करा. ओळीतले खरे शंभरावे घर शंभर पावले मागे आहे. तिथे माणसे राहतात. पेटीने मुकाट्याने तेच रिकामे केले. ओट्याच्या मागे तोंगा होते. आम्ही रोज ओटा पुसत होतो आणि रोज पुसले जात होते ते. पुसलेल्या जागी शून्ये येतात, आणि आवाजाच्या फाइलीत शून्य म्हणजे शांतता. काही मोडले नाही, काही अडले नाही, लांबीसुद्धा तेवढीच राहिली.

यंत्र तोंगांनाच गिळते आहे, लोझींना हात लावत नाही, हे मवीम्बांचे वाक्य शब्दशः खरे होते. त्याहून नेमका दोष-अहवाल मला या नोकरीत कोणी दिलेला नाही. मी त्यावर ठसका लागेस्तोवर हसलो.

पेल्यासाठी दिलेले प्रवचनही आठवले. त्या बाई निदान एकाच फळीच्या आत राहिल्या होत्या.

सोमवार, २६ ऑगस्ट

सांगितले. सितालींच्या खोलीत, मवीम्बांच्या समोर, उभे राहून. पेटीने पंधरा सांगितले होते, मी सोळा लिहिले, चिलेशेने विचारले होते, मी उडवून लावले. चिलेशे म्हणाली, "मोजणीवर माझीही सही आहे." मी तिला गप्प बसायला सांगितले, ती बसली नाही.

गाडी रद्द झाली. तीन रॅक वाचले, त्यांच्या प्रती पुन्हा करता येतील. खोली सोडायची तारीख सितालींनी भांडून पुढे ढकलली. एकतीस टेपांपैकी एकोणीस मात्र पहिल्या रॅकमधल्या. सिताली आणि मवीम्बा एकाच गाडीतून कचरा डेपोवर गेले. चार तासांनी परत आले. हात रिकामे होते, बुटांवर राख होती. जाताना दोघे बोलले की नाही ते ड्रायव्हरला विचारले. नाही, म्हणाला; येतानाही नाही.

मी दुरुस्ती मागे घेतली. पेटी पुन्हा तक्रारी करू लागली आहे. त्या मी आता एकेक वाचतो.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

आज मवीम्बांना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसवले. मावशीच्या टेपेतले भोक चोपन्न सेकंदांचे आहे. ती एक गाव चारेक सेकंदांत म्हणते, म्हणजे तेरा गावे, फार तर चौदा. लहानपणी तिच्या तोंडून ऐकलेली जेवढी आठवतील तेवढी मवीम्बा म्हणणार होते. भोकाच्या अलीकडचे गाव हांगोमा, पलीकडचे सियालुबा. ती दोन्ही टेपेवर शाबूत आहेत.

त्यांनी डोळे मिटले. एक नाव, दम, दुसरे नाव. नऊ झाली. मग थांबले. चिलेशेने मुद्रण चालूच ठेवले. काचेतून दिसत होते की त्यांचे ओठ हलताहेत आणि काही येत नाही.

सिताली माझ्या शेजारी उभे होते. एकाएकी दार उघडून आत गेले आणि मोठ्याने म्हणाले, "झालं? एवढीच गावं? आणि म्हणे तोंगांची स्मरणशक्ती. आमच्या बैलांनासुद्धा याहून जास्त वाटा आठवतात."

मला वाटले आता जमीन दुभंगावी. चिलेशेने माझा दंड धरला. "हे असंच करायचं असतं," ती हळूच म्हणाली. "मयताच्या घरी थट्टेच्या भावानंच येऊन हसवावं लागतं. बाकीचे रडतात."

मवीम्बांनी डोळे उघडले.  मग म्हणाले, "तुमचे बैल? ते आमचे बैल आहेत, चोरा. म्हणून तर त्यांना वाटा माहीत." आणि तोंड झाकून घेतले. खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला काचेपलीकडून कळले नाही. सितालींनी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि बसून राहिले. दहावे नाव आले, पण मवीम्बा म्हणाले त्याची खात्री नाही, ते लिहू नका.

बाहेर आले तेव्हा मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "बाशीरेवती, मावशी कधीच थांबायची नाही. दम घ्यायचा, की लगेच पुढचं गाव. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं." माझ्याशी ते थट्टा करत नाहीत. माझे आणि त्यांचे तसे नाते नाही.

पुढच्या आठवड्यापासून उरलेल्या तीन रॅकच्या प्रती पुन्हा व्हायच्या आहेत. चिलेशे आता प्रत्येक फाइल आतून पडताळते, आणि खणाचा आकार पेटी सांगेल तोच. त्याची मला काळजी नाही. पंधरा आता मी विसरणार नाही.

काळजी याची आहे की प्रती झाल्या की 'तपासले'चा कागद पुन्हा माझ्यापुढे येईल. या वेळी मी सगळे ऐकीन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण मला तोंगा येत नाही. बावीस वर्षे झाली, बाजारापुरती न्यान्जा शिकलो, आणि तेवढ्यावर भागले. घरी मी अजूनही श्लोक म्हणतो, आता कोणी बोलत नाही अशा भाषेतले. पण टेपेवरची बाई बोलता बोलता थांबली, की मध्येच कोणी तिला पुसले, हे मला ऐकून कळणार नाही. सही मात्र मीच करायची आहे.